हातचा कुठून आला?



तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ वजा ३७ असं उभं मांडा आणि मुलांना सोडवू द्या. थोड्या वेळाने पाट्या बघत फिरलात, तर काही पाट्यांवर १५ दिसेल. बऱ्याच पाट्यांवर २५ दिसेल. एखाद्या पाटीवर ८९ असेल, कारण उभी मांडणी दिसली की मिळवायचं, एवढंच त्या मुलाने धरलेलं असतं. मला यातलं २५ सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ते अंदाजपंचे आलेलं नाही. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले, राहिले पाच. पाचातून तीन काढले, राहिले दोन. मोठ्यातून लहान काढायचा, हा नियम मुलाने नीट पाळला आहे. हा नियम त्याला बिनहातच्याच्या वजाबाकीत आपणच शिकवला आणि तिथे तो चुकत नव्हता. अमेरिकेत जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या अशा चुका गोळा करून तपासल्या. अनेक चुकांमागे ठरलेली रीत असते आणि मूल ती रीत इमानाने पुन्हा पुन्हा वापरत असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे २५ लिहिणारं मूल निष्काळजी नाही. त्याने शिकवलेलं ऐकलं आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात शिकलेले अनेकजण समोर बसले आहेत. त्यांच्यापुढे गणिताविषयी बोलायचं तर पद्धतींच्या नावांपेक्षा मुलाच्या पाटीपासून सुरुवात करावी, असं मला वाटलं.

आता तेच गणित दुसऱ्या तऱ्हेने विचारू. केडगावच्या बाजारात किंवा घोडनदीच्या पेठेत वडिलांच्या गाळ्यावर बसणाऱ्या मुलाला म्हणा, “गिऱ्हाइकाचे सदतीस रुपये झाले, त्याने बावन्न दिले, परत किती द्यायचे?” तो पाटी मागणार नाही. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस हे तीन झाले. चाळीसाचे पन्नास, दहा. वर दोन. पंधरा. हेच मूल शाळेत २५ लिहीत असण्याची शक्यता खूप आहे. बाजारात बरोबर आणि शाळेत चूक, हे एकाच डोक्यात एकाच दिवशी घडतं.

याचा अभ्यास झालेला आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले. नंतर तीच गणितं कागदावर दिली. १९८५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाड्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. तेच शाब्दिक उदाहरण म्हणून दिल्यावर ७४ टक्के आणि नुसते आकडे मांडून दिल्यावर ३७ टक्के. बारा वर्षांच्या एका मुलाला ३५ ला एक असे दहा नारळ कितीला, असं विचारलं. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तिनांचे मिळवून २१०, आणखी तिनांचे मिळवून ३१५, मग उरलेला एक मिळवून ३५० सांगितले. दहाने गुणताना पुढे शून्य द्यायचं, हे त्याने वापरलं नाही. तीन नारळांचा भाव मात्र त्याला रोजच्या विक्रीने पाठ होता.

पाच मुलांवरून काय ठरवायचं, असं कोणी म्हणेल. त्याचंही उत्तर आता आपल्याकडे आहे, आणि ते आपल्याच देशातलं आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो हे नोबेल मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ त्या गटात होते. बाजारातली जवळजवळ सगळी मुलं अवघड हिशेब बिनचूक करत होती. शाळेच्या धाटणीत मांडलेली तेवढीच किंवा त्याहून सोपी गणितं मात्र त्यांना सुटत नव्हती. या अभ्यासाची दुसरी बाजू आपण शिक्षकांनी जास्त लक्ष देऊन बघावी. जवळच्याच शाळांतली, बाजाराचा अनुभव नसलेली ४७१ मुलंही त्यांनी तपासली. ही मुलं कागदावरची साधी गणितं जास्त बिनचूक करत होती. पण बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांना जमला, तो शाळेतल्या फक्त एक टक्का मुलांना जमला. बाजारातलं गणित वर्गात येत नाही आणि वर्गातलं बाजारात जात नाही. वाट दोन्हीकडून बंद आहे.

आज मला जे सांगायचं आहे ते या बंद वाटेविषयी आहे. लहान मुलाचं गणित तीन ठिकाणी असतं: हातात धरलेल्या वस्तूत, तोंडाने म्हटलेल्या हिशेबात आणि कागदावरच्या खुणांत. पाढे की प्रयोग, उजळणी की ज्ञानरचनावाद, अशी भांडणं आपण वर्षानुवर्षं करतो. त्या भांडणांत प्रत्येक पक्ष यातल्या एका ठिकाणाची बाजू घेतो. मूल हरवतं ते मात्र एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना.

जुन्या पद्धतीला आधी न्याय देऊ या, कारण तिची टिंगल करण्याची पद्धत पडली आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरं आणि आकडे गिरवले जात आणि उजळणी खड्या आवाजात म्हटली जाई. तिच्यात नुसते बे ते तीसचे पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकीही होती. हे सगळं पाठ करायला लावण्यामागे कारण होतं. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांतच मापं आणि भाव चालत. हातात कागद नसलेल्या माणसाला सव्वा रुपये शेराने साडेतीन शेर तुपाचे किती, हे उभ्याउभ्या सांगावं लागे. उजळणी हा त्या काळचा व्यवहारच होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनं-मापं आली आणि औटकीचं काम संपलं. पाढे राहिले आणि राहायलाच हवेत. ज्याला सात आठे छप्पन्न क्षणात येतं त्याचं डोकं भागाकाराच्या पुढच्या पायरीसाठी मोकळं राहतं. पाठांतर नको म्हणणाऱ्यांनी पाढे न येणाऱ्या पाचवीच्या मुलाला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागताना एकदा बघावं. प्रत्येक पायरीला तो बोटं मोजत मागे जातो आणि परत येईपर्यंत आपण कुठे होतो हे विसरतो.

उजळणीचा दोष वेगळा आहे. ती मुलाला उत्तर देते आणि उत्तर कुठून आलं हे विचारायची जागाच ठेवत नाही. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, त्यात नुसते ओठ हलवणारं मूल ओळखू येत नाही. शिकलेलं व्यवहाराशी जोडलं जावं, ही मागणीही जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं आणि हिशेब यांबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही द्यावं, असं त्यांनी मागितलं. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेतून उपयोगी पडेल असं काही मिळावं, हा त्यामागचा आग्रह होता. तो आग्रह अजून पुरा झालेला नाही.

मग आला ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने आपलं ज्ञान स्वतः घडवावं हा विचार. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाच्या विचारालाच गणिती वळण लागावं, असं उद्दिष्ट ठेवलं. महाराष्ट्रात हा विचार शाळेच्या फरशीवर उतरला तो सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीट या शाळांच्या गटामुळे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी काड्या, खडे, बिया, मणी आणि फरशीवर रंगवलेल्या चौकटी घेऊन मुलांना स्वतः संख्या घडवू दिल्या. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला जाऊ लागल्या. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला. पुढे गणित संबोध कार्यशाळा झाल्या, शाळाशाळांत गणित पेट्या आल्या. आपल्या शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून व्हरांडे रंगवले, भिंतीवर शंभरापर्यंतचे तक्ते काढले, दोऱ्यात दहा-दहा मण्यांचे रंग बदलत शतकमाळा ओवल्या.

या बदलाने गणिताच्या तासाची भीती कमी केली. ज्या मुलाने दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा केला आहे त्याला दशक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मी हा बदल मनापासून मानतो. पण अनेक वर्गांत काम गठ्ठ्यापाशीच थांबलं, हेही इथे म्हणायला हवं. सोमवारी मुलं काड्या सोडवून ५२ मधून ३७ बरोबर काढतात. मंगळवारी काड्या कपाटात जातात, फळ्यावर उभी वजाबाकी येते आणि पाट्यांवर पुन्हा २५ उगवतं. सोमवारचा तास आणि मंगळवारचा तास यांच्यात मुलाला काही नातं दिसलेलं नसतं. गठ्ठा सुटला तेव्हा कागदावर काय बदललं, हे कोणी त्याच्या शेजारी बसून लिहून दाखवलेलं नसतं.

जगभरही हा वाद असाच दोन टोकांना ताणला गेला आहे. कॉन्स्टन्स कामी या मानसशास्त्रज्ञ पियाजेंच्या परंपरेतल्या अभ्यासक बाई. लहान मुलांना तयार रीत शिकवलीच जाऊ नये, त्याने त्यांची स्वतःची समज मोडते, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये लिहिलं की नवशिक्या माणसाला कमीत कमी मार्गदर्शन देऊन शोधायला सोडलं तर त्याच्या डोक्यावर फार भार पडतो. त्याला उलगडून, पायरी पायरीने दाखवावंच लागतं. दोन्ही बाजूंच्या म्हणण्याला आधार आहे. आपल्या वर्गात मात्र यांतला एकच स्वीकारायचा, असं बंधन आपल्यावर कोणी घातलेलं नाही.

आता पुन्हा वजाबाकीकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे. हातच्याच्या वजाबाकीच्या दोन रीती आपल्या घराघरांत नांदतात आणि मुलं त्यांच्यात सापडतात. आजोबांची रीत अशी: दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक. तो खालच्या तीनात मिळवला, चार. पाचातून चार गेले एक. उत्तर पंधरा. शाळेची आजची रीत अशी: पाच दशकांतला एक दशक सोडवला, दोनाचे बारा सुटे झाले. बारातून सात गेले पाच. वर राहिले चार दशक, त्यांतून तीन गेले एक. उत्तर तेच. पण एका रीतीत खालचा आकडा एकाने वाढतो आणि दुसरीत वरचा एकाने घटतो. संध्याकाळी घरी वडील वहीवर “असं नाही, असं” म्हणून खालच्या तीनाचे चार करतात. सकाळी बाई वरच्या पाचाचे चार करायला सांगतात. मूल दोन्ही करतं, वर चार आणि खालीही चार, आणि उत्तर पाच येतं. मग आपण म्हणतो, याचं लक्ष नाही.

दोन्ही रीती बरोबर आहेत आणि दोन्हींची कारणं तिसरीच्या मुलाला समजण्यासारखी आहेत. शाळेच्या रीतीचं कारण काड्यांच्या गठ्ठ्यात दिसतं. आजोबांच्या रीतीचं कारण वयात दिसतं. आई बावन्नची आणि मुलगा सदतीसचा, तर दहा वर्षांनी आई बासष्टची होईल आणि मुलगा सत्तेचाळीसचा, अंतर तेच. दोन्ही संख्यांत सारखंच मिळवलं तर फरक बदलत नाही. आजोबा वरच्या संख्येत दहा सुटे मिळवतात आणि खालच्या संख्येत एक दशक मिळवतात, म्हणजे तेच दहा. हातचा हवेतून येत नाही. मला विचाराल तर ही गोष्ट आई-वडिलांना पालकसभेत फळ्यावर करून दाखवावी. पालकसभेत गणवेश आणि उपस्थिती यांच्यावर बोलणं होतं, वजाबाकीवर कधी होत नाही.

चिनी वंशाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९ मधल्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना नेमका हाच प्रश्न विचारला होता: हातच्याची वजाबाकी कशी शिकवाल? चिनी शिक्षकांचं कॉलेजचं शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा कमी होतं. तरी त्यांतले बहुतेक शिक्षक दशक सोडवण्याविषयी बोलत होते, आणि काहीजण तो वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवणं आणि वीसच्या आतली वजाबाकी आधी पक्की करणं यांविषयीही. अमेरिकेतले बहुतेक शिक्षक शेजाऱ्याकडून उसना घेण्याच्या पायऱ्या सांगत होते. आपल्याकडेही फळ्याजवळ “शेजारच्याकडून एक उसना घे” हेच ऐकू येतं. उसना घेतलेला एक दुसऱ्याच्या घरी गेल्यावर दहा कसा होतो, हे विचारणारं मूल वर्गात असेल तर त्याची पाठ थोपटा.

आणि बाजारातल्या मुलाची रीत? ती तिसरी रीत आहे आणि शाळेत तिला जागाच नाही. सदतीसपासून चाळीसपर्यंत तीन, पन्नासपर्यंत दहा, बावन्नपर्यंत दोन. हॉलंडमध्ये हान्स फ्रॉइडेनथाल यांच्या विचारातून गणिताचं जे शिक्षण उभं राहिलं, त्यात याच रीतीला मानाची जागा मिळाली. तिथे मुलं एक रिकामी रेघ ओढतात. तिच्यावर फक्त ३७ आणि ५२ मांडतात आणि मधल्या उड्या काढत जातात. रेघेवर खुणा नसतात, त्या मूल स्वतः करतं. आपल्याकडे दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ संस्थेने गणितमाळ आणि रिकामी रेघ बऱ्याच शाळांपर्यंत नेली. मला या रेघेचं मोल फार वाटतं, कारण तोंडी हिशेब कागदावर उतरवायची ती सर्वांत सोपी वाट आहे. गाळ्यावर बसणाऱ्या मुलाला म्हणा, तू गिऱ्हाइकाला पैसे परत देतोस तसंच कर, फक्त या रेघेवर लिही. त्याच्या लक्षात येतं की तो जे करतो तेही गणितच आहे. रेघेवर हात बसला की तीच वजाबाकी काड्यांनी करायची, मग उभी मांडायची. तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची आणि विचारायचं: रेघेवरची दहाची उडी उभ्या मांडणीत कुठे दिसते? या प्रश्नावर एक अख्खा तास गेला तरी जाऊ द्यावा.

इथे संख्यांच्या नावांचा विषय येतोच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर वीस एक, बासष्टबरोबर साठ दोन अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. तो विधिमंडळापर्यंत गेला, त्यावर विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. गणित लोकांना आवडावं म्हणून ज्यांनी ‘गणितगप्पा’ लिहिल्या त्याच. २०२३ मध्ये त्या गेल्या. विनोदांत त्यांचा मुद्दा बुडून गेला. तो मुद्दा असा होता की त्रेपन्न ऐकताना मुलाला आधी तीन ऐकू येतात आणि मग पन्नास. लिहिताना आधी ५ लिहायचे असतात. म्हणून मूल ३५ लिहितं. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २ आणि ९. त्यात जोडाक्षरांची भर. चिनी, जपानी मुलांना दोन दशक एक अशा तऱ्हेची नावं मिळतात आणि दशकाची समज त्यांना लवकर येते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. नॉर्वेने तर १९५१ मध्ये देशभर संख्यावाचनाचा क्रमच बदलून दशक आधी घेतला.

जुनी नावं सोडावीत असं मी म्हणणार नाही. बाजारात, एसटीत, आजीच्या तोंडी त्रेपन्नच आहे आणि मुलाला तिथेही राहायचं आहे. पण पहिली-दुसरीत, संख्या लिहायला शिकण्याच्या दिवसांत, पन्नास तीन म्हणजेच त्रेपन्न असं दोन्ही तऱ्हांनी म्हणून घ्यावं. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कामाला आलेल्यांची मुलं आता आपल्या मराठी शाळांत आहेत. घरी उनतालीस, शाळेत एकोणचाळीस, मोबाइलवर थर्टी नाइन. त्या मुलांसाठी तीस नऊ ही एकच पायरी अशी आहे जिच्यावर उभं राहून तिन्ही नावं दिसतात.

पद्धत कोणतीही घेतली तरी ती कोणत्या मुलासाठी, हा प्रश्न उरतो. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी येत होती आणि पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होतं. २०२२ पेक्षा ही सुधारणा आहे. तरी पाचवीच्या वर्गात भागाकार शिकवताना समोरच्या दहांपैकी सात जणांना आपण काय करतो आहोत ते कळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. पुस्तक पाचवीचं, मूल वजाबाकीवर अडलेलं. ‘प्रथम’ या संस्थेने यावर काढलेला मार्ग साधा आहे: दिवसातला काही वेळ इयत्ता विसरायची, मूल जिथे आहे त्या पातळीनुसार गट करायचे आणि तिथून शिकवायचं. २००१ पासून मुंबई आणि बडोद्यात बालसखींबरोबर झालेल्या प्रयोगांत मागे पडलेल्या मुलांना याचा सर्वांत जास्त फायदा झाल्याचं दिसलं.

आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना ही गोष्ट नवी वाटू नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पटाच्या शाळेला दोन शिक्षक. दोघांत चार इयत्ता. एका खोलीत पहिली-दुसरी शेजारी बसते, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. याला आपण अडचण म्हणतो, आणि कागदपत्रांचं ओझं बघता ती आहेही. पण पातळीनुसार गट करायला अशी शाळा शहरातल्या मोठ्या शाळेपेक्षा सोयीची आहे. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा देशभर गाजली. तिथल्या इमारतीचीच चर्चा जास्त झाली. मला तिथलं महत्त्वाचं वाटतं ते मुलांनी मुलांना शिकवणं. ज्याला हातचा कालच कळला आहे तो शेजारच्याला जे शब्द वापरून सांगतो ते शब्द आपल्याला सुचत नाहीत.

याच तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेने नापास ठरवलेली मुलं तिथे लोखंड जोडत, पाण्याचा शोध घेत, बांधकाम करत शिकली. ती मुलं मोठी होती, विषय प्राथमिक गणिताचा नव्हता. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: कामाचा हिशेब वहीत लिहिल्याशिवाय तिथे काम पुरं होत नाही. मोजणं आणि लिहिणं यांची फारकत होऊ द्यायची नाही.

आणि शेवटी ऊसतोडीच्या मुलांविषयी. पाटस, आलेगाव या भागांत साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि अहिल्यानगरहून टोळ्या येतात आणि गळीत संपेपर्यंत राहतात. मुलं शिक्षण हमी कार्ड घेऊन कधी आपल्या शाळेत येतात, कधी फडातच राहतात. दुसरं सत्र सुरू होतं आणि बरोबर त्याच महिन्यांत वर्गात हातच्याची वजाबाकी चाललेली असते. म्हणजे जी गोष्ट सर्वांत अवघड, नेमकी तिच्या वेळी ही मुलं शाळा बदलतात. गावची शाळा समजते की नव्या शाळेत झालं असेल, नवी शाळा समजते की गावी झालं असेल. आणि याच मुलांच्या कानावर रोज कोयत्याचा हिशेब, मोळ्यांची मोजणी, खेपेचं वजन, उचल आणि फिटलेली रक्कम पडत असते. मोठ्या संख्यांची वजाबाकी त्यांच्या खोपीत रोज होते, आणि ती चुकली तर त्यांच्या आई-बापांना एक हंगाम जास्त राबावं लागतं.

इथल्या केंद्रप्रमुखांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. आपली दर महिन्याची शिक्षण परिषद होते. तिथे यंदा दिवाळीच्या आधी एकदा तरी नमुना पाठ आणि सादरीकरण बाजूला ठेवा. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या तीन चुकलेल्या वजाबाक्या कागदावर उतरवून आणा, मुलांची नावं न लिहिता. प्रत्येक उत्तराखाली मुलाने कोणता नियम पाळला असेल ते सगळ्यांनी मिळून शोधा, आणि मग दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जवळ बसवून विचारा, “कसं काढलंस?” ते सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत, लिहून घ्या. टोळ्यांबरोबर नवी मुलं आली की त्यांना पहिल्या आठवड्यात पुस्तकाचं पान दाखवू नका. बावन्न मोळ्यांतल्या सदतीस गाडीत गेल्या तर फडात किती, एवढंच तोंडी विचारा, आणि ते मूल उत्तर काढत असताना रिकामी रेघ आणि पेन्सिल त्याच्या हाताशी ठेवा.